रीतसर घेतलेल्या जुन्या गाडीवर चोरीची नोंद निघाली तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर इथेच कळेल. ऑगस्ट २०२३ मध्ये तुम्ही नाशिकला द्वारका भागातल्या एका डीलरकडून २०१३ ची वॅगनआर घेतली. नंबर एमएच-१४, म्हणजे मूळची पिंपरी-चिंचवडची. दोन लाख चाळीस हजारांतले दोन लाख बँकेतून दिले, उरलेले रोख. पेठ रोडच्या आरटीओत गाडी तुमच्या नावावर झाली, विमाही तुमच्या नावाचा आहे, आणि दोन वर्षं कुठे काही अडलं नाही. आता गाडी विकायला काढली, ओझरच्या एका गृहस्थांनी अकरा हजार इसार दिला, आणि त्यांच्या भाच्याने एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारा केंद्राचा विभाग) ‘वाहन समन्वय’ या चोरीच्या गाड्या तपासण्याच्या ऑनलाइन सेवेत नंबर टाकून पाहिला तर २०१६ चा चोरीचा गुन्हा निघाला. आरटीओच्या नोंदी दाखवणाऱ्या एमपरिवाहन अ‍ॅपवर मात्र सगळं स्वच्छ. तुम्ही विचारता, आरटीओने मग ट्रान्सफर केली कशी, ही नोंद कोण काढणार, आणि पोलीस गाडी उचलून नेतील का.

मी नाशिकच्या कोर्टात एकोणीस वर्षं वकिली करतो. निम्मी कामं पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्या सोडवण्याची. त्या अनुभवावर सांगतो की तुम्ही विचारलेल्या तिन्ही प्रश्नांच्या आधी एक प्रश्न आहे: २०१६ मध्ये चोरीला गेलेली ही गाडी पुढे सापडली होती का? सापडून मालकाला परत मिळाली असेल, तर तुमच्यापुढे फक्त एक शिळी नोंद आहे आणि काम कारकुनी आहे. सापडलीच नसेल, तर तुमच्या दारात उभी असलेली गाडी कोणाची हाच प्रश्न उभा राहतो. दोन्हींचे रस्ते पूर्ण वेगळे. लोक पहिल्या प्रकारात उगाच घाबरतात आणि दुसऱ्या प्रकारात उगाच निवांत राहतात.

आरटीओने ट्रान्सफर केली कारण आरटीओ आपली वही बघते. गाडीवर ‘ब्लॅकलिस्ट’चा शेरा असेल तर तिथे काम अडतं. तो शेरा पोलिसांनी किंवा कोर्टाने कळवल्यावर पडतो. गुन्हा दाखल झाला की पोलिसांच्या सीसीटीएनएस या संगणकीय गुन्हे-नोंद यंत्रणेत चढतो आणि एनसीआरबीला दिसतो, पण आरटीओला कोणी पत्र दिलं नाही तर परिवाहनवर गाडी सोवळीच राहते. उलटही घडतं: आरटीओत शेरा आणि पोलिसांकडे काहीच नाही. म्हणून ‘अ‍ॅपवर क्लीन आहे’ हे वाक्य कोणी सांगितलं की मी विचारतो, कुठल्या अ‍ॅपवर?

आता गाडी सापडली होती का, हे शोधायचं कसं. यासाठी मी वापरतो ती युक्ती साधी आहे. परिवाहनवरून आरटीओकडे ‘आरसी पर्टिक्युलर्स’साठी, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या तपशिलासाठी, अर्ज करा आणि गाडीचे आजवरचे मालक तारखांसकट काढा. दुसरीकडून त्या गुन्ह्याच्या एफआयआरची प्रत मिळवा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून एवढंच बघा की २०१६ चा फिर्यादी कोण आणि त्या तारखेनंतर गाडी कोणी विकली. ज्याने चोरीची फिर्याद दिली त्यानेच दोन वर्षांनी मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करून गाडी पुढे विकली असेल, तर गाडी त्याला परत मिळाली होती हे उघड आहे. हरवलेली गाडी कोणी विकत नाही. तुम्ही लिहिलंय की तुम्ही तिसरे मालक आणि दुसऱ्या मालकाने २०१८ मध्ये घेतली. म्हणजे पहिल्या मालकाचं नाव फिर्यादीशी जुळलं की माझ्या मते ऐंशी टक्के काळजी गेली. सह्या खोट्या असण्याची शक्यता उरते, पण ती त्या मालकाला एक फोन करून तपासता येते.

दुसरी तपासणी गाडीवरच करायची. चेसिस नंबर काही मॉडेलमध्ये बॉनेटखाली असतो, काहींत पुढच्या सीटखालचं कार्पेट उचललं की पत्र्यात ठोकलेला दिसतो. कापडाला थोडं थिनर लावून पत्रा पुसा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा. आरटीओचे निरीक्षक असाच छाप घेतात. नंबर सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. तरीही मी दरवर्षी एक तरी एफआयआर बघतो, जिच्यात शून्याच्या जागी ओ टाईप झालेला असतो. एका अक्षराने दुसऱ्याचीच गाडी चोरीची ठरल्याचं मी पाहिलं आहे. छापावरचे आकडे समान खोलीचे, एका ओळीत आणि आजूबाजूचा रंग मूळचा असेल तर ठीक. आकडे वरखाली दिसले, कडेला ग्राइंडरच्या रेघा किंवा वेल्डिंगची जोड दिसली, तर पुढचं काही स्वतः करू नका. पत्रा खरवडायचा नाही, फोटो काढायचे आणि थेट वकील गाठायचा. पुसलेला नंबर रसायन लावून वर आणण्याचं काम न्यायसहायक प्रयोगशाळेचं आहे, गॅरेजवाल्याचं नाही.

नोंद शिळी असण्याची शक्यता तुमच्या बाबतीत मला जास्त वाटते, म्हणून तिच्याबद्दलच सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी दिंडोरी तालुक्यातला एक टोमॅटोवाला माझ्याकडे आला. पिंपळगावच्या मार्केटला माल नेणारी त्याची पिकअप, रीतसर घेतलेली, आणि तुमच्यासारखीच जुन्या गुन्ह्याची नोंद. गुन्हा दुसऱ्या जिल्ह्यातला, २०१४ चा. आम्ही त्या ठाण्यात तीन खेपा मारल्या. पहिल्या खेपेला ‘जुनं रेकॉर्ड आहे, साहेब बंदोबस्तात आहेत’. दुसऱ्या खेपेला ‘आरटीओला जा’. तिसऱ्या खेपेला मुद्देमाल सांभाळणाऱ्या एक महिला हवालदार भेटल्या. त्यांनी कपाटावरून कापडी बांधणीचं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, बोट फिरवत त्या ओळीवर आल्या. शेवटच्या रकान्यात लाल शाईने लिहिलेलं होतं: ‘मा. कोर्टाचे आदेशाने वाहन फिर्यादीस ताब्यात दिले.’ गाडी चोरीनंतर अकराव्या दिवशी एका ढाब्यामागे सापडली होती. रजिस्टरला माहीत होतं, संगणकाला कोणी सांगितलंच नव्हतं. सीसीटीएनएस आल्यावर जुने गुन्हे संगणकावर चढवले गेले तेव्हा चोरी चढली, सापडणं राहून गेलं. ती दुरुस्ती करायला त्यांच्या ऑपरेटरला पंधरा मिनिटं लागली, आणि त्या पंधरा मिनिटांपर्यंत पोचायला आम्हाला अकरा आठवडे.

पण गोष्ट तिथे संपली नाही, आणि तुमच्यासाठी महत्त्वाचा भाग पुढचाच आहे. सापडलेली गाडी कोर्ट मालकाला देतं ती बहुधा सुपूर्तनाम्यावर. म्हणजे बॉण्ड लिहून तात्पुरता ताबा. त्या बॉण्डवर अटी असतात: खटला संपेपर्यंत वाहन विकणार नाही, गहाण ठेवणार नाही, रंगरूप बदलणार नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन. पिकअपच्या मूळ मालकाने, म्हणजे त्या फिर्यादीने, त्या अटींना न जुमानता गाडी विकली होती, आणि माझ्या पक्षकाराने तोवर मागचा हौदा नवा बसवून वर घराण्याचं नाव रंगवून घेतलं होतं. नशिबाने खटला संपला होता, आरोपी सुटला होता आणि निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात ‘वाहन फिर्यादीकडे कायम, सुपूर्तनामा रद्द’ असं होतं. खटला चालू असता तर आधी त्या कोर्टात अर्ज करून, सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, घेऊन परवानगी मागावी लागली असती, आणि नोंद त्यानंतर.

म्हणून नुसतं ‘सापडली होती’ एवढ्यावर थांबू नका. त्या गुन्ह्याचं पुढे काय झालं हे काढा. चोर सापडलाच नसेल तर पोलिसांनी ‘अ समरी’ पाठवलेली असेल, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. चोर सापडला असेल तर दोषारोपपत्र आणि खटला. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर एफआयआर क्रमांक आणि वर्ष टाकून केस शोधता येते. सापडली की कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा. तुम्ही त्या प्रकरणात पक्षकार नाही, त्यामुळे अर्जात कारण लिहायचं, की वाहन आज माझ्या नावे आहे, सोबत आरसी जोडली आहे. मागायच्या दोनच गोष्टी: ताब्याचा आदेश आणि अंतिम आदेश. सही-शिक्क्याच्या या दोन नकला हातात असल्या की ठाण्यातलं बोलणंच बदलतं.

तुमच्या गुन्ह्यात एक स्थानिक गुंता आहे. २०१६ मध्ये पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र आयुक्तालय नव्हतं, ते ऑगस्ट २०१८ मध्ये झालं. त्याआधी तिथली काही ठाणी पुणे शहराकडे होती आणि काही पुणे ग्रामीणकडे. ‘वाहन समन्वय’च्या अहवालात जुन्या पोलीस घटकाचं नाव छापलेलं असेल तर त्या पत्त्यावर पाठवलेला अर्ज ‘आमच्याकडे नाही’ म्हणून परत येईल. आधी ते ठाणे आज कोणाकडे आहे ते बघा आणि अर्ज तिथल्या वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे करा. एफआयआरची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळाली तर उत्तम. सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर ऑनलाइन टाकायला सांगितलं ते २०१६ च्या सप्टेंबरात, त्यामुळे त्याआधीच्या महिन्यांतली असेल तर ठाण्यातून किंवा कोर्टातूनच घ्यावी लागेल.

अर्ज एक पानाचाच असू द्या. गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि वर्ष, वाहन क्रमांक, चेसिस, इंजिन, मी हे वाहन अमुक तारखेला खरेदी केलं, वाहन फिर्यादीस परत मिळाल्याचा आदेश सोबत जोडला आहे, सबब सीसीटीएनएसमध्ये ‘हस्तगत’ अशी नोंद घेऊन एनसीआरबीला अद्ययावत करावी आणि तसं पत्र मला द्यावं. दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का आणि तारखेची पोहोच घ्या. पोहोच न घेता दिलेला अर्ज म्हणजे दिलेलाच नाही असं समजा. पंधरा-वीस दिवसांत हालचाल नसेल तर त्याच पोहोचेची प्रत जोडून उपायुक्तांना अर्ज, आणि शेजारीच माहितीच्या अधिकारात एक साधा प्रश्न: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली? दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांची मुदत. माझ्या अनुभवात माहिती अधिकारातून माहिती फारशी मिळत नाही, पण फाईल कपाटातून टेबलावर येते. उच्च न्यायालयात जाण्याची वेळ अशा प्रकरणांत माझ्यावर दोनदाच आली.

हे काम नाशिकच्या पोलीस ठाण्यातून होणार नाही, आरटीओतून होणार नाही आणि दिल्लीला एनसीआरबीला मेल करूनही होणार नाही. ज्या ठाण्याने नोंद घातली तेच ती बदलू शकतं. ‘पाच हजार द्या, वरून साफ करून देतो’ म्हणणारे भेटतील. त्यांनी खरंच काही केलं तरी ते कोणाच्या लॉगिनने केलं हे नोंदीत राहतं, आणि चौकशीत नाव तुमच्या गाडीचं येतं.

नोंद बदलल्यावर वाहन क्रमांक, चेसिस आणि इंजिन असे तिन्ही स्वतंत्रपणे तपासा. एकदा फक्त क्रमांकावरची नोंद सुधारली आणि इंजिन नंबरवरची तशीच राहिली होती. ठाण्याच्या पत्राची प्रत पेठ रोडला आरटीओतही आवक करून ठेवा, तिथे शेरा नसला तरी.

आता दुसरी शक्यता, थोडक्यात. फिर्यादी आणि विक्रेता जुळत नसतील, किंवा छाप संशयास्पद असेल, तर नोंद जिवंत आहे. पोलिसांना चोरीच्या मालाचा संशय आला की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०२ खाली, जप्तीचा अधिकार आहे. आरसी तुमच्या नावावर आहे म्हणून ते थांबणार नाहीत, आणि वस्तुविक्री कायद्याचं कलम २७ तुमच्या विरुद्ध जातं: विकणाऱ्याकडे मालकी नव्हती तर तुम्हालाही ती मिळत नाही, तुम्ही कितीही प्रामाणिक असा. मात्र तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. चोरीचा माल बाळगल्याच्या गुन्ह्यात तो चोरीचा आहे हे माहीत असणं किंवा तसं मानायला सबळ कारण असणं लागतं. बँकेतून गेलेले दोन लाख, डीलरची पावती, आरटीओची ट्रान्सफर, विमा, दोन वर्षांच्या सर्व्हिसची बिलं, हे सगळं तुमच्या बाजूने बोलतं. रोख दिलेल्या चाळीस हजारांची पावती आहे का ते बघा, नसेल तर निदान त्या दिवसाची बँकेतून काढल्याची नोंद.

मधला एक प्रकारही असतो. मालकाने गाडी महिन्याच्या भाड्याने कोणाला दिली, त्याने ती परस्पर गहाण टाकली किंवा विकली, आणि मालकाने चोरीची फिर्याद दिली. किंवा हप्ते थकले, वसुलीवाल्यांनी रात्री गाडी ओढून नेली, आणि मालक सकाळी ठाण्यात गेला. कागदावर चोरी, आत व्यवहाराचं भांडण. फसवून का होईना पण मालकाच्या संमतीने गाडी विकली गेली असेल तर प्रामाणिक खरेदीदाराला वस्तुविक्री कायद्याच्या कलम २९ चा आधार मिळू शकतो, फक्त ताब्यात दिली असेल तर सहसा नाही. इथे मी आत्ता अंदाज बांधत नाही. एफआयआर वाचल्याशिवाय सांगणं म्हणजे पत्रिका न बघता गुण जुळवणं.

नोंद जिवंत निघाली तर गाडी लपवू नका, फिरवूही नका. सिंहस्थ तोंडावर आहे, नाकाबंदी वाढत जाणार. घोटीच्या अलीकडे घरच्यांसह अडकण्यापेक्षा वकिलासोबत कागदांची फाईल घेऊन स्वतः जबाब नोंदवलेला केव्हाही बरा. गाडी जप्त झाली तर त्या हद्दीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे ताब्याचा अर्ज करायचा. जप्त वाहनं ठाण्यात सडत ठेवू नयेत हे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलं आहे. पण समोरून मूळ मालक किंवा विम्याचा दावा चुकता केलेली कंपनी उभी राहिली तर ताबा त्यांच्याकडे जाण्याची शक्यता जास्त, हे आधीच सांगतो.

मग तुमचे पैसे डीलरकडून. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे हे वस्तुविक्री कायद्याच्या कलम १४ मध्ये गृहीतच धरलेलं असतं, करारात लिहिलेलं नसलं तरी. ‘जशी आहे तशी’ अशी पावतीवरची ओळ इंजिनाच्या आवाजाला लागू पडेल, मालकीला क्वचितच. डीलर धंदा म्हणून विकतो, त्यामुळे ग्राहक आयोग खुला आहे. मुदत दोन वर्षांची. ती खरेदीपासून धरायची की नोंद कळल्यापासून, यावर वाद होईल, म्हणून नोटीस याच महिन्यात द्या. फसवणुकीचा गुन्हा द्यायचा झाला तर व्यवहार २०२३ चा असल्यामुळे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४२० लागेल. पण तो पहिलं पाऊल म्हणून मी देत नाही. डीलर हा तुमच्या बाजूचा सगळ्यात उपयोगी साक्षीदारही असू शकतो: गाडी कोणाकडून घेतली, कोणते कागद पाहिले, हे त्यालाच माहीत.

राहिले ओझरचे गृहस्थ. त्यांचा अकरा हजारांचा इसार उद्याच बँकेतून परत करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा की वाहनावर जुनी पोलीस नोंद आढळली, ती दुरुस्त होईपर्यंत विक्री थांबवली आहे. आजवर तुम्हाला काही माहीत नव्हतं, आता माहीत आहे. ही नोंद लपवून तुम्ही गाडी पुढे दिलीत, तर आज डीलरविरुद्ध जे म्हणता तेच उद्या ते तुमच्याविरुद्ध म्हणतील. त्यांना गाडी खरंच हवी असेल तर दोन-तीन महिने थांबतील. त्या टोमॅटोवाल्याची पिकअप घेऊ पाहणारा ग्राहक थांबला होता.